ट्राम अजून धावली नाही, निकाल मात्र लागला

शेवटचा थांबा (धागाकर्ता)

मी ट्रामच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. खालचं लिखाण एकतर्फी वाटलं तर ते तसं आहेच.

नवी ट्राम येऊ घातलेल्या शहरांच्या बातम्या वाचायचा मला नाद आहे. उद्घाटनाला वर्ष-दीड वर्ष असताना लोकांना विचारलं की उत्तर ठरलेलं: पैशाची नासाडी, धंदे बसले, बस काय वाईट होत्या, मागितली कुणी होती ही ट्राम? आणि सुरू होऊन दोन-चार वर्षं झाली की बहुतेक ठिकाणी तीच मंडळी विचारतात, आमच्या भागात कधी आणताय?

गंमत अशी की आधीचं मत ट्रामबद्दलचं नसतंच. रस्ता खणून ठेवलाय, दुतर्फा पत्रे ठोकलेत, रोजचा बसथांबा कुठेतरी लांब नेऊन ठेवलाय, समोरच्या फुटपाथवर जायला भलामोठा वळसा. अशा वेळी ट्रामबद्दल काय वाटतं असं विचारलं तर माणूस खड्ड्याबद्दल बोलणार. ट्राम त्याने पाहिलीय कुठे?

फ्रान्समधलं नांत घ्या. तिथली जुनी ट्राम १९५८ ला बंद झाली होती. ती नव्या रूपात आणायचं ठरवलं महापौर आलँ शेनार यांनी. काम ऐन भरात असताना १९८३ ची निवडणूक आली आणि ते पडले. पडायला इतरही कारणं असतील, पण ट्रामवरचा राग त्यात मोठा होता. निवडून आलेल्यांना ट्राम नको होती, मात्र काम इतकं पुढे गेलं होतं की मागे फिरणं जमलं नाही. जानेवारी १९८५ ला ट्राम सुरू झाली आणि पुढच्या काळात एकामागून एक फ्रेंच शहरांनी तिचा कित्ता गिरवला. आणणारा घरी बसला, नको म्हणणाऱ्यांच्या कारकिर्दीत ती धावली.

स्ट्रासबुर्गला तर १९८९ ची निवडणूकच यावर लढली गेली: जमिनीखालून स्वयंचलित मेट्रो की रस्त्यावरून ट्राम? दुकानदारांचा कल मेट्रोकडे, कारण तिच्यामुळे वरच्या मोटारी आणि पार्किंग शाबूत राहणार होतं. ट्रामवाल्या कातरीन त्रोतमान जिंकल्या. नोव्हेंबर १९९४ ला ट्राम सुरू झाली, मोटारींनी भरलेला क्लेबर चौक पायी चालणाऱ्यांचा झाला आणि १९९५ ला त्या पुन्हा निवडून आल्या.

ट्रामच्या बाहेरचं एक उदाहरण देतो. स्टॉकहोममध्ये शहरात शिरणाऱ्या गाड्यांवर गर्दीशुल्क लावायचं ठरलं तेव्हा बहुसंख्य लोक विरोधात होते. जानेवारी ते जुलै २००६ असा सात महिन्यांचा प्रयोग झाला, रस्ते मोकळे झालेले लोकांनी डोळ्यांनी पाहिले, आणि सप्टेंबरमधल्या सार्वमतात शहराने थोड्या फरकाने का होईना, हो म्हटलं.

म्हणून माझं म्हणणं: उद्घाटनाआधीच्या जनमताला फार किंमत देऊ नये, आणि त्याला घाबरून काम अर्ध्यावर तर अजिबात सोडू नये. बोला.

हिशेबी

बोलतो. तुम्ही निवडलेली शहरं बघा: नांत, स्ट्रासबुर्ग, स्टॉकहोम. तिन्ही पास झालेली पोरं. नापासांची यादी कुठाय?

शेफील्डची ट्राम १९९४ ला सुरू झाली. बांधायला सुमारे २४ कोटी पौंड लागले. प्रवासी अंदाजापेक्षा खूपच कमी आले, कारण त्याच रस्त्यावर खासगी बस स्वस्तात पळत होत्या आणि जिच्या भरवशावर मार्ग आखला त्यातली काही वस्ती तोवर रिकामी होऊन पाडली गेली होती. १९९७ ला ती चालवायचा हक्क एका बस कंपनीला विकला, किंमत ११.५ लाख पौंड. शून्यं पुन्हा मोजा. उद्घाटनाआधी कुरकुर करणारे तिथे निदान काही वर्षं तरी बरोबर ठरले.

वॉशिंग्टनच्या एच स्ट्रीटवर रूळ टाकले आणि ट्राम धावायला २०१६ उजाडलं. तिकीट शून्य, तरी लोकांना तिचं फारसं कौतुक नव्हतं, कारण ती मोटारींच्याच मार्गिकेत अडकलेली. कुणी गाडी जरा तिरकी लावून गेला की मागे ट्राम उभी. ती बंद करायचा निर्णय २०२५ मध्ये जाहीर झाला.

आता सरासरी बघू. बेंट फ्लिव्हबिअर्ग या डॅनिश अभ्यासकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जगभरचे प्रकल्प तपासले. रेल्वे प्रकल्पांचा खर्च सरासरी ४५ टक्क्यांनी वाढलेला, आणि दहापैकी नऊ ठिकाणी प्रवाशांचा अंदाज फुगवलेला. यात मेट्रोही आहेत, फक्त ट्राम नाही, हे मान्य. पण रस्त्यावरचा माणूस जेव्हा म्हणतो, "सांगतायत त्यापेक्षा खर्च जास्त होणार आणि माणसं कमी बसणार," तेव्हा तो अडाणी ठरत नाही. सल्लागाराच्या अहवालापेक्षा त्याचा अंदाज खरा निघायची शक्यता जास्त आहे.

वाटसरू

हिशेबींना +१. धागाकर्ते, एडिंबरा मुद्दाम वगळलंत का?

शेवटचा थांबा

वगळलं नाही, राखून ठेवलं होतं. :)

एडिंबराचा घोळ, म्हणजे वाढलेला खर्च आणि झालेला उशीर, माझ्या विरोधात जातो हे माहीत आहे. पण शेवट बघा ना. मे २०१४ ला सुरू झाली, पहिल्या वर्षी सुमारे ४९ लाख प्रवास, ठरवलेल्या लक्ष्यापेक्षा जास्त. २०२३ ला मार्ग न्यूहेवनपर्यंत वाढला. इतका विरोध झालेल्या शहरात मार्ग वाढवायचा ठराव मंजूर होतो, याचा अर्थ काय लावायचा?

हिशेबी

अर्थ मी लावतो. मूळ बेत ५४.५ कोटी पौंडांत विमानतळ ते न्यूहेवन असा होता, २०११ ला सुरू करायचा. प्रत्यक्षात ७७.६ कोटी खर्चून २०१४ ला मिळाला त्याहून आखूड मार्ग. डबे लांब मार्गाच्या हिशेबाने २७ घेऊन ठेवलेले, मार्ग तोकडा पडल्यावर त्यातले बरेचसे जास्तीचे झाले, ते दुसऱ्या शहराला भाड्याने द्यायची खटपट झाली. चौकशी समितीचा अहवाल सप्टेंबर २०२३ ला आला. म्हणजे चौकशीच ट्रामच्या कामापेक्षा जास्त चालली.

पण मला सगळ्यात जास्त खटकते ती लीथ वॉकची गोष्ट. त्या रस्त्यावर नळ आणि केबली हलवायला आधीच खणलं. दुकानांसमोर वर्षानुवर्षं अडथळे. मग पैसे संपले, मार्ग लीथ वॉकच्या अलीकडे, यॉर्क प्लेसलाच तोडला, खड्डे बुजवले. ट्राम आली नाही. २०१९ च्या शेवटी पुन्हा पत्रे लागले, ते थेट २०२३ पर्यंत. त्या रस्त्यावरच्या माणसाचं २०१० सालचं मत काय, तर ट्राम नको. तुम्ही म्हणता, त्याला फार किंमत देऊ नका, पुढे बदलेल. त्याने दोनदा भोगलं, आणि मत कुणाचं मोजलं? २०२३ ला डब्यात बसलेल्याचं. माणसंच वेगळी आहेत हो. "मत बदललं" असं आपण सोयीने म्हणतो. काही ठिकाणी मत देणारा बदललेला असतो.

माझं पोट छोट्या धंद्यांच्या हिशेबावर आहे, म्हणून हे जवळून माहीत आहे. समोरचा रस्ता बंद झाला की विक्री पहिल्याच महिन्यात पडते, पण दुकान पहिल्या महिन्यात मरत नाही. आधी मालक स्वतःचा पगार थांबवतो. मग पुरवठादाराला म्हणतो, तीसऐवजी साठ दिवसांनी देतो. मग माल कमी भरतो, फळ्या विरळ दिसायला लागतात, त्यामुळे आलेलं गिऱ्हाईकही परत जातं. नोकर काढतो तो सगळ्यात शेवटी, कारण तोच एक जण हाताशी असतो. हे सगळं साधारण वर्षभरात होतं. आणि ट्रामचं काम चालतं तीन वर्षं. उद्घाटनाच्या दिवशी त्या गाळ्यात दुसरंच चकचकीत दुकान असतं, त्याचा मालक वार्ताहराला सांगतो, "ट्राममुळे धंदा वाढला." खरंच वाढलेला असतो! खोटं कुणीच बोलत नाही.

शेवटचा थांबा

शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. उत्तर लगेच नाही देत.

बसमार्ग

बाकी सगळं ठीक, पण मूळ प्रश्न कुणी विचारेना. ट्रामच का? स्वतंत्र मार्गिका द्या, थांबे उंच करा, तिकीट थांब्यावरच काढा आणि त्यावरून लांब बस पळवा. बोगोटाने २००० सालापासून तेच केलं. रूळ नको, तारा नकोत, जमिनीखालचं काही हलवायला नको. पुढे गाडी बंद पडली तर बस बाजूने काढता येते. ट्रामच्या वाटेत टेम्पो आडवा आला की सगळी ओळ गप्प.

लोक उद्घाटनाआधी "बस काय वाईट होती" म्हणतात त्यात हा शहाणपणा आहे.

शेवटचा थांबा

बसमार्ग, एडिंबराचा एक डबा, म्हणजे खरं तर जोडलेल्या डब्यांची एक ट्राम, जवळपास ४३ मीटर लांब आहे आणि तीत अडीचशे माणसं मावतात. एक चालक. तेवढ्या माणसांना दोन लांब बस आणि दोन चालक लागतात. दर दोन मिनिटांनी बस सोडायची वेळ आली की त्या एकमेकींना चिकटून तीन-तीनच्या घोळक्याने येतात, मग दहा मिनिटं काहीच नाही. हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार.

बोगोटाचं कौतुक आहेच. पण तिथे ज्या रस्त्यांवर ती पळते त्यांची रुंदीही बघा. जुन्या शहराच्या अरुंद गल्लीत बसला डावी-उजवीकडे थोडी मोकळीक लागते, ट्राम रुळावर असल्याने बोटभर अंतराने जाऊ शकते.

बसमार्ग

मग टायरवरची ट्राम आहे की. मध्ये एकच मार्गदर्शक रूळ, बाकी बस.

पाना-पक्कड

ते नाव काढू नका. नान्सी आणि काँ, दोन्ही फ्रेंच शहरांनी तो प्रयोग केला. नान्सीत सुरू झाल्या झाल्या २००१ ला अपघात, वर्षभर बंद. २०२३ ला कायमची थांबवली आणि तिच्या जागी ट्रॉलीबस (वरच्या तारेतून वीज घेणारी बस) आणली. काँमध्ये २०१७ च्या शेवटी बंद करून २०१९ ला साधी लोखंडी चाकांची ट्राम आणली. सुटे भाग बनवणाराच उरला नाही की असल्या मधल्या जातीच्या गाडीचं काय करणार?

आणि आता मूळ विषयावर बोलतो, कारण माझं आयुष्य त्याच खड्ड्यात गेलंय ज्याबद्दल धागाकर्ते म्हणतात की लोक त्याच्याबद्दलच बोलतात. पाण्याच्या नळांचं काम. दोन ट्राम प्रकल्पांवर होतो.

लोकांना वाटतं रूळ टाकायला वेळ लागतो. रूळ टाकणं सोपं. वेळ जातो खालचं हलवायला. का हलवायचं? कारण एकदा वर काँक्रीटची लादी ओतली आणि ट्राम सुरू झाली की नळ फुटला म्हणून रोज रोज ट्राम थांबवून लादी फोडता येत नाही. म्हणून नळ, गटार, गॅस, वीज, फोन, जे जे रुळांखाली येतं ते आधी बाजूला घ्यायचं.

दुसरं कारण फार कमी जणांना माहीत असतं. ट्रामला वरच्या तारेतून वीज मिळते, साधारण ७५० व्होल्ट, डीसी, आणि ती परत जाते रुळांतून. रूळ जमिनीपासून नीट अलग केलेला नसला तर त्यातला थोडा प्रवाह मातीत झिरपतो, जवळ लोखंडी नळ दिसला की त्यात शिरतो आणि पुढे कुठेतरी बाहेर पडतो. जिथून बाहेर पडतो तिथे तो नळाचं लोखंड खातो. वरून काहीच दिसत नाही. काही वर्षांनी ट्रामपासून लांबच्या गल्लीत नळ फुटतो आणि कुणाला कारण कळत नाही. म्हणून रूळ रबराच्या वेष्टणात बसवायचे आणि जुने लोखंडी नळ दूर न्यायचे किंवा प्लास्टिकचे करायचे.

आता हे सगळं नकाशा बघून करायचं. नकाशा म्हणतो, नळ फुटपाथच्या कडेपासून दोन मीटरवर. चाचणीचा खड्डा घेतला की सापडतो सव्वातीनवर, आणि त्याच्या आधी सापडते एक केबल, जी कुठल्याच नकाशात नाही. जिवंत आहे की मेलेली? ज्याची असेल त्याला बोलवा. चार खात्यांना पत्रं जातात, तिघं म्हणतात आमची नाही, चौथा दोन आठवडे उत्तर देत नाही. तोवर खड्डा उघडा, पत्रे ठोकलेले, आत माणूस नाही. वरून जाणारा म्हणतो, "बघा, काम बंद आहे, पैसे खातायत." त्याचं काय चुकलं? काम खरंच बंद असतं.

सिडनीत विजेच्या केबलींवरूनच ठेकेदार सरकारविरुद्ध कोर्टात गेला आणि २०१९ ला ५७.६ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरला प्रकरण मिटलं. दुकानदारांनी लावलेला सामूहिक दावा वेगळाच.

तेव्हा धागाकर्ते, खड्ड्याबद्दलचं मत ट्रामबद्दलचं नाही, हे मला पटत नाही. खड्डा म्हणजे ट्रामच. तीन वर्षं ट्राम लोकांना याच रूपात भेटते. खड्डा नीट सांभाळता येत नसेल तर पुढे गाडीही नीट चालवतील कशावरून, असं कुणी म्हटलं तर मी त्याला वेड्यात काढणार नाही.

वाटसरू

दंडवत. यावर स्वतंत्र धागा काढा.

दोन चाकं

माझा विरोध उद्घाटनाआधीही होता, नंतरही आहे, त्यामुळे "पुढे मत बदलतं" या यादीतून मला काढा.

सायकल चालवते. रुळाशेजारची खाच सायकलच्या चाकाच्या मापाचीच असते असं वाटावं इतकी नेमकी. ती काटकोनात ओलांडली तर काही होत नाही. पण डावीकडे थांबलेली गाडी, मागून बस, आणि रूळ रस्त्याच्या मधून तिरके वळलेले. त्या क्षणी काटकोन कुठून आणायचा? पावसात तर खाचेत चाक गेलंच पाहिजे असं नाही, ओल्या लोखंडावर पुढचं चाक नुसतं सरकतं. एडिंबरात २०१७ ला एका तरुण सायकलस्वार मुलीचा रुळांवरून पडून जीव गेला. त्यानंतर ठिकठिकाणी मार्ग, खुणा बदलल्या. नंतर!

खाचेत रबर भरता येतं, सायकलच्या वजनाने दबत नाही, ट्रामच्या वजनाने दबतं. ऐकायला छान. ट्राम दर काही मिनिटांनी त्यावरून गेली की रबर लवकर झिजतं. म्हणजे खरा उपाय आराखड्याच्या कागदावरच करावा लागतो: सायकलींना वेगळी वाट, आणि जिथे रूळ ओलांडायचे तिथे वळण असं की आपोआप काटकोन होईल. हे सांगायची वेळ कुठली? उद्घाटनाआधीचीच ना? आणि तेव्हाच तुम्ही म्हणणार, आत्ताच्या मताला फार किंमत देऊ नका.

शेवटचा थांबा

दोन चाकं, तुमचं बोलणं मी "जनमत" म्हणून धरत नाही, ती सूचना आहे. सूचना ऐकायलाच हवी. "हवी की नको" या कौलाबद्दल मी लिहिलं होतं.

दोन चाकं

सूचना ऐकत नाहीत म्हणूनच माणूस "नको" वर येतो. मी आधी "अशी नको" म्हणत होते. चार बैठकांनंतर "अशी" गळून पडलं.

उतरंड

इतक्या वेळ वाचत होते, आता लिहिते. व्हीलचेअर वापरते, बारा वर्षं झाली.

१९८७ ला ग्रेनोबलने ट्राम सुरू केली तेव्हा डब्याची फरशी खाली आणून फलाटाशी सपाट ठेवली. हे आपोआप झालं नाही. तिथल्या अपंगांच्या संघटना आराखड्याच्या वेळी हटून बसल्या, म्हणून झालं. त्याआधी १९८३ ला तिथे ट्राम हवी की नको यावर मतदान झालं होतं, आणि जेमतेम ५३ टक्के लोक हो म्हणाले. म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच शहरात, एकाच काळात: मत विचारलंही, आणि सूचना घेतल्याही. उद्घाटनाआधी. धागाकर्ते म्हणतात तशी ती एकमेकांपासून तोडता येत नाहीत.

बसमार्ग यांना एवढंच, की बसला उतरती फळी असते, चालकाने उतरून ती टाकायची असते, आणि त्या दीड मिनिटात मागचे सगळे माझ्याकडे बघत असतात. ट्राममध्ये मी इतरांसारखीच आत जाते, कुणी बघत नाही. उंच थांबा केला तरी बस प्रत्येक वेळी तेवढीच चिकटून उभी राहत नाही, मध्ये फट राहते. रुळावरची गाडी दर वेळी तिथेच थांबते. हा फरक ट्राम सुरू होण्याआधी कुणाला सांगितला तर तो मान हलवतो. मला वाटतं, अंदाज न येणं हे विरोधकांपुरतं नाही. ट्रामच्या बाजूने बोलणाऱ्यांनाही तिचं नेमकं काय आवडणार हे आधी माहीत नसतं. ते वेग वेग करत बसतात, आणि ट्राम काही फार वेगवान नसते.

बसमार्ग

फटीचा मुद्दा मान्य. चालकाच्या कौशल्यावर सोडायची गोष्ट नाही ती.

ट्राम हवीच असं मात्र अजून म्हणत नाही.

गप्पिष्ट

सगळे एवढे गंभीर झालेत म्हणून अवांतर: उद्घाटनाआधीच्या चाचणी फेऱ्या कुणी पाहिल्यात का? रिकामी ट्राम महिनोन्‌महिने शहरभर फिरते. पाटीवर "सेवेत नाही". लोक थांब्यावरून हात करतात, ती मंद घंटा वाजवत निघून जाते. एकदा आत डोकावलो तर सगळीकडे वाळूच्या गोण्या. भरलेल्या गाडीचा ब्रेक तपासायला माणसांच्या वजनाइतक्या गोण्या भरतात म्हणे. पहिले प्रवासी तेच. एकाचीही तक्रार नाही.

हिशेबी

गोण्यांचाही कौल घ्यायला हवा होता. शंभर टक्के पाठिंबा.

शेवटचा थांबा

हसलो, पण बोच कळली.

बरं, हिशेबींच्या त्या परिच्छेदाचं उत्तर आता देतो. मी लिहिताना लोक म्हणजे एकच गठ्ठा धरला होता, जो आधी ओरडतो आणि मग खूश होतो. ज्याने खड्डा भोगला आणि ट्राम येईपर्यंत टिकला नाही, तो माझ्या हिशेबात नव्हताच. तो नंतर कुठल्या पाहणीत सापडणारही नाही. हे चुकलं. एडिंबराने दुसऱ्या वेळी लीथमध्ये दुकानदारांसाठी मदतीची तरतूद केली, ती पहिल्यापासून असती तर पहिल्या वेळचा आवाज निम्मा असता असं मला वाटतं. भरपाई ही रूळ आणि तारांसारखी मूळ अंदाजपत्रकातच धरली पाहिजे, आणि धरल्यावर परवडत नसेल तर ट्राम परवडत नाही, असं सरळ म्हणावं.

पण काम अर्ध्यावर सोडू नये, यावर मी ठाम आहे. उलट लीथ वॉक हाच माझा पुरावा. तिथे पहिल्या वेळी थांबले म्हणून दुसऱ्यांदा खणावं लागलं.

हिशेबी

थांबले ते जनमताला घाबरून नव्हे. पैसे संपले आणि ठेकेदाराशी भांडण झालं म्हणून. तुमचा पुरावा तुमच्या मुद्द्याला लागू पडत नाही.

पहिला अर्धा प्रतिसाद मात्र जपून ठेवतोय. आंतरजालावर कुणी "हे चुकलं" लिहिलेलं रोज सापडत नाही.

शेवटचा थांबा

मग उरलेलं अर्धं पुढच्या धाग्यात भांडू. पाना-पक्कड, जाता जाता एक विचारायचं होतं. नकाशात नसलेलं काही सापडलं की तुम्ही लोक नेमकं करता काय?

पाना-पक्कड

पाणी मारून पुसायचं, फोटो काढायचा, खोली मोजायची. मालक ठरेपर्यंत हात लावायचा नाही. आमच्या टोळीत एक म्हातारा मुकादम होता, तो असल्या प्रत्येक नळीवर, केबलीवर खडूने प्रश्नचिन्ह काढायचा, म्हणजे रात्रपाळीवाल्यांनी चुकून तोडू नये. एका चौकात, चार बाय दोन मीटरच्या खड्ड्यात, मी स्वतः अकरा प्रश्नचिन्हं मोजलीयत. त्यातल्या दोघांचा मालक आम्ही तिथून जाईपर्यंत सापडला नव्हता.